नर्स रजेवर

३ तारीख, सोमवार

माझं सगळं बदललं ते गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला, दुपारी सव्वातीनला, सायकलस्टँडच्या पत्र्याखाली. आमचं कॉलेज आणि तिचं नर्सिंगचं कॉलेज एकाच आवारात. तिने माझी तीन पत्रं परत केली. तिन्ही अर्धवट होती, कारण चौथ्या पानाच्या पुढे मला नेहमी राग येतो. ती अजिबात चिडली नाही. पेशंटला समजवावं तशी म्हणाली, "तू आजपर्यंत एक तरी गोष्ट पूर्ण केलीयस का रे?" मी तिथल्या तिथे परीक्षेचं हॉल तिकीट फाडलं. फाडून झाल्यावर कळलं की हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण तोवर तुकडे उडून गेले होते आणि ती सायकलवर टांग टाकत होती.

असो. आज मी खुशीत आहे. खरंच.

मामाने नोकरी लावून दिली. मामा म्हणाला, तिथे भांडायला माणसंच नाहीत, सगळी प्लास्टिकची आहेत, तुझ्यासारख्याला बरंय. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, दारावर पितळी बेल. मालकांना सगळा रस्ता मेजर म्हणतो. ते कधीच सैन्यात नव्हते. तळपाय सपाट म्हणून भरतीत नापास झाले आणि तीस वर्षं नकाशे काढायच्या खात्यात बसून रेघा मारल्या. नाव लोकांनी चिडवायला ठेवलं, त्यांनी ते मानाने घेतलं. मी बेल वाजवली तर दार उघडून कडक सलाम ठोकला. मलाही हात उचलावा लागला. त्यांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, आतून सांगितलं की दोघांनी हात खाली घ्या, चहा निवतोय.

मग समोरची खोली दाखवली. मी बघतच राहिलो. भिंतभर फळ्या, फळ्यांवर तेवीस पेट्या. जुन्या, मी जन्मायच्या आधीच्या. पत्र्याचा किल्ला, वाळूच्या पोत्यांचे खंदक, काच मिटणाऱ्या जीपा, कापडी तंबू, कोपरातून हात वळणारे बोटभर सैनिक. प्रत्येक पेटीच्या झाकणावर रंगीत चित्र आणि खाली यादी: कोण, किती. माझं काम एवढंच, की यादीशी पेटी जुळवायची. महिनाअखेर खेळण्यांच्या संग्रहालयाची माणसं बघायला येणार आहेत. त्यांना पेट्या पूर्ण हव्यात.

पूर्ण. हा शब्द ऐकून मी मनात म्हटलं, बघच तू आता.

राहायला आतली छोटी खोली दिलीय. खिडकीतून शिंप्याचं दुकान दिसतं.

४ तारीख, मंगळवार

रोज सकाळी दहाला हजेरी होते. मला वाटलं माझी. नाही, पेट्यांची. मेजर झाकणावरची यादी मोठ्याने वाचतात आणि मी प्रत्येक सैनिकाला बोट लावून 'हजर' म्हणायचं. जो हरवलाय त्याच्या जागी त्यांनी कागदाची बारीक चिठ्ठी ठेवलीय, सुंदर अक्षरात: रजेवर. मग मी 'रजेवर' म्हणायचं. दुसऱ्या पेटीतला माणूस उचलून रिकाम्या जागी उभा करायचा नाही, हा इथला पहिला कायदा. असं करणाऱ्या संग्राहकांबद्दल मेजर असं बोलतात, जसं आमची आई रस्त्यात थुंकणाऱ्यांबद्दल बोलते. मी हसलो तर म्हणाले, हसू नकोस, एकदा हजेरी लागली की माणूस लष्करी तळाचा झाला. सुटका हवी तर बदली माणूस द्यायचा, तोवर नाही.

त्यांच्या डोक्यात अख्खं सैन्य आहे. मला आवडले ते.

वाकलेल्या बंदुका सरळ करायला शिकलो. गरम पाण्यात धरायच्या, बोटाने सरळ करायच्या, लगेच गार पाण्यात. जुनं प्लास्टिक चिकट झालं असेल तर कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश.

नवव्या पेटीत एक गंमत आहे. यादीत 'बिनतारी संदेशवाला'. चित्रात शिरस्त्राण घातलेला बाप्या. पेटीत मात्र सात-आठ वर्षांचा पोरगा, अर्धी चड्डी, कानाला फोन. मेजरांना त्याचा फार अभिमान, अशी दुर्मिळ प्रत जगात कोणाकडे नाही म्हणतात. कुठून आणला, ते आठवत नाही. मावशी एरवी त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, पण दुपारी येऊन तेवढीच पेटी पुसून जातात. का, विचारलं. म्हणाल्या, ह्याच्याकडे बघितलं की दूध उतू जात असल्यासारखं होतं, धावावंसं वाटतं, आणि स्वयंपाकघरात गेलं तर शेगडी बंद.

७ तारीख, शुक्रवार

बावीस पेट्या जुळल्या. मी, ज्याने आयुष्यात भिंतीला खिळासुद्धा पूर्ण ठोकला नाही. कुठे पाच सैनिक गवसले, कुठे दोन मेजरांच्या जुन्या पत्रव्यवहाराने आले. उरली फक्त अकरावी. तळावरचा दवाखाना. डॉक्टर हजर, स्ट्रेचरवाले दोघे हजर, जखमी चार, हजर. नर्स रजेवर. गेली एकतीस वर्षं रजेवर.

झाकणावर ती आहे. पांढरी टोपी, एक हात जखमीच्या कपाळावर. चेहरा चित्रात टिकलीएवढा, पण मला कोण दिसतं ते इथे लिहायला नको.

१० तारीख, सोमवार

जुन्या बाजारात तीन दिवस घातले. भंगारवाल्यांनी मला नावाने ओळखायला सुरुवात केलीय, नर्सवाला म्हणतात. एकाने विचारलं, आजारी आहेस का. मी त्याची टोपली लाथेने उलटवली आणि मग गुडघ्यावर बसून सगळं परत भरून दिलं. माझं हे असंच.

आज दुपारी ठरवलं. मेण आणलं. पाकिटात तिचा फोटो आहे, ओळखपत्राचा. आणि तिची केसातली एक पिन, ग्रंथालयात पडलेली, मी परत न दिलेली. पिनेचा सांगाडा केला, वर मेण चढवलं, मेजरांच्या बारीक कुंचल्यांनी रंगवलं. पाच तास. उठलो नाही. हनुवटीवरचा तीळसुद्धा आला. मी एवढं चांगलं काही कधीच केलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर मी तिला म्हटलं, घे.

११ तारीख, मंगळवार

मी खोटं बोललो. नर्स बाजारात मिळाली म्हणून सांगितलं. मेजरांनी भिंग लावलं. मला वाटलं पकडलो गेलो, पण भिंगाच्या मागे त्यांचा डोळा पाण्याने भरला होता. रजेची चिठ्ठी त्यांनी स्वतः उचलली आणि खिशात ठेवली.

मग हजेरी. नर्स, म्हणाले. मी बोट लावून 'हजर' म्हटलं. छाती फुगवून म्हटलं.

मेण ना ते. पण बोटाला गरम लागलं.

१२ तारीख, बुधवार

तिचा फोन आला. तिचा. स्वतःहून. मी जिन्यात जाऊन घेतला, दोन पायऱ्या घसरलो.

ती रडत होती. हाताची बोटं सकाळपासून सुटी होत नाहीत म्हणाली, एकमेकांना चिकटल्यासारखी. पेशंटची नाडी कळत नाही. डोळे मिटले की तंबू दिसतो. मी म्हटलं, तू दमलीयस, मी येऊ का. माझ्या आवाजात आनंद होता, तो मला लपवता आला नाही. तिने तो ओळखला. मग म्हणाली, "तू माझं काही केलंस का? मगाशी तुझा आवाज आला. हजर म्हणालास तू."

फोन कट झाला. परत लावला तर लागत नाही.

मी मूर्खासारखा तासभर खूश होतो. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

१४ तारीख, शुक्रवार

तिच्या हॉस्टेलवर गेलो. वॉर्डनबाईंनी मला एकदा छत्री घेऊन फाटकाबाहेर काढलं होतं. आज बसा म्हणाल्या. रजिस्टर उघडून दाखवलं. त्या खोलीत दोनच मुली राहतात, तिसरी कॉट कधीच नव्हती. तिची मैत्रीण आली. मी तिचं वर्णन केलं, तीळ, सायकल, सगळं. मैत्रीण हसली. अशी असती तर आमची गट्टी जमली असती, म्हणाली.

१५ तारीख, शनिवार

तिच्या घरी. तिच्या दादाने मागच्या वर्षी माझी भुवई फोडली होती, पाच टाके. त्याने दार उघडलं आणि कोण पाहिजे म्हणून अदबीने विचारलं. बहीण कुठंय तुझी, मी ओरडलो. तो म्हणाला, मी एकुलता एक आहे, तुमचा पत्ता चुकलाय. आतून त्याची आई आली. तिच्या हातात दोन फ्रॉक होते, लहान मुलीचे. कपाटात निघाले, कोणाचे ते कळत नाही, टाकवत नाहीत, असं ती मला, एका परक्याला, का सांगत होती कुणास ठाऊक.

बसमध्ये काचेत बघितलं. भुवईवर व्रण नाही. केस सलग.

१७ तारीख, सोमवार

काल नर्सला पेटीतून काढून उशाशी ठेवलं. दार आतून बंद. सकाळी उशाशी नव्हती. अकराव्या पेटीत, जखमीच्या कपाळावर हात ठेवून उभी. आज रुमालात बांधून जिन्याखाली मीटरच्या खोक्यात ठेवली. चहा पिऊन वर आलो तर पेटीत.

डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत रंगाला दोन उभ्या चिरा गेल्यात. आतलं मेण ओलं आहे. मी पुसतो. परत ओलं.

मेजरांना सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ते रागावले नाहीत, घाबरले. मेणाची आहे म्हणून घाबरले, बाकीचं त्यांना कळलंच नाही. संग्रहालयाला काय सांगू, एवढंच म्हणत राहिले.

१८ तारीख, मंगळवार

संदेशवाला पोरगा. खाली कारखान्याचा शिक्का नाही. पायाला तडा आहे, आत मेण. मेणात लहान बाळाच्या कपड्याला लावतात तशी सेफ्टी पिन.

मी मावशींना हाक मारली. पिन दाखवली. त्या खाली बसल्या. लग्नाआधी मेणाच्या बाहुल्या करायच्या त्या, हे मला मेजरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. नवऱ्याची पेटी पूर्ण व्हावी म्हणून कधीतरी हौसेने एक केली असेल. ज्याचा चेहरा रोज डोळ्यासमोर, त्याचाच केला असेल.

त्यांना काहीच आठवत नाही. त्या रडल्याही नाहीत. तळहाताने फरशी पुसत राहिल्या, एकाच जागी. मग मला विचारलं, ह्याचं नाव काय असेल रे?

२० तारीख, गुरुवार

आज उठलो आणि तिचा आवाज आठवेना. चाल आठवते. सायकल आठवते. दुपारपर्यंत सायकलचा रंग गेला. पाकिटातल्या फोटोत फक्त निळा पडदा आहे.

मावशींना म्हटलं, बदली द्यावी लागते, कायदा आहे. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. तीस वर्षं ऐकतेय तो कायदा.

मग म्हणाल्या, "आधी माझी बाहुली कर. तुझे हात बरे आहेत तोवर."

मी नाही म्हटलं. खूप भांडलो. त्या अंबाडा सोडून समोर बसल्या, फोटो काढायला बसावं तशा. अंबाड्यातली पिन माझ्या पुढे ठेवली. चेहरा करताना मी दोनदा उठून गेलो. हसरा कर, म्हणाल्या, तिथे रडकं कोण पाहणार.

२१ तारीख, शुक्रवार

हजेरी. नववी पेटी. मेजर वाचत गेले. बिनतारी संदेशवाला. मावशी स्वतः म्हणाल्या, बदली हजर. मेजर चष्म्यावरून बघून हसले. म्हणाले, आज तूही खेळात का गं. किती वर्षांनी.

मावशींनी हसून त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

२३ तारीख, रविवार

घरात एक लहान मुलगा आहे. मेजरांचा. त्याच्या शाळेची वही टेबलावर आहे, तो चपला उलट्या घालतो, मेजर त्याला बंडू म्हणतात. मेजर मला म्हणाले, पोराची आई त्याच्या जन्मावेळीच गेली, मीच वाढवला. चहा मीच केला. कोणीतरी करायचं इथे चहा, असं वाटतं. भांडी कुठे आहेत ते मला बरोबर ठाऊक आहे.

या वहीत सगळीकडे 'मावशी' लिहिलंय. अक्षर माझंच.

नवव्या पेटीत एक बाई, केस मोकळे, कानाला फोन. हसतेय. मुलगा तिच्यासमोर उभा राहतो आणि बघतो. मग शेगडी बंद आहे का ते बघून येतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणजे होतं. बदली चालते.

२४ तारीख, सोमवार

वहीत एक मुलगी आहे. अठ्ठावीस तारीख, सायकलस्टँड. तीळ. मी हे पुन्हापुन्हा वाचतो. मला ती आठवत नाही. एवढंसंही नाही. माझ्यासाठी ती गोष्टीतल्या बाईसारखी, कुणीतरी सांगितलेली.

पण दुखतंय. बरगडीखाली, डावीकडे, कोणी ठेवून विसरल्यासारखं काहीतरी. कोणासाठी ते ठाऊक नाही आणि तरी जात नाही. अकराव्या पेटीतल्या नर्सकडे बघितलं की वाढतं. तिच्या गालावर ओल आहे. तिला मी इथे आणलं, असं माझ्या अक्षरात लिहिलंय. अक्षर खोटं बोलत नाही, मी बोललो होतो.

कॉलेज सोडलेला, तोंडाळ, भांडकुदळ. असा माणूस गेला तर कुणाचं काय अडतं. हे रागाने लिहीत नाहीये. पहिल्यांदाच रागाने नाही.

माझ्याकडे पिन नाही. या वहीच्या शिवणीच्या पिना काढतोय. पानं सुटी होतील.

२५

केला. माझं नाक चुकलं, चालेल.

मेजर पोराला मांडीवर घेऊन वाचत होते. नर्स, म्हणाले. मी बदली हजर म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. पोराने केली. माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणतात तशी —

तिची बाहुली उचलून खिशात ठेवली. माझी तिच्या जागी. जखमीच्या कपाळावर हात.

२६

खिशात ती नाही.

दुपारी तो नंबर लावला. वहीत आहे नंबर. लागला. एका मुलीने उचलला. हॅलो, हॅलो, कोण बोलतंय. मागे एक पोरगा हसत होता, तिचा दादा असावा, आणि कोणीतरी बाई दोघांना जेवायला हाका मारत होती. ती म्हणाली, बोला ना, बोटं दुखतायत माझी फोन धरून.

बोटं. सुटी झाली तर.

मी नाही बोललो. तिचा आवाज मला ओळखीचा नव्हता. तरी मी जिन्यात खाली बसलो आणि —

२७

मामा रस्त्यात भेटला. बाजूने गेला. धक्का लागला तर सॉरी म्हणाला.

आईला फोन केला. कोण पाहिजे, म्हणाली. चुकून लागला, म्हटलं. ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "बाळा, जेवलास का तरी? आवाज बारीक येतोय तुझा."

मी हो म्हटलं.

२८ की

उजव्या हाताची चार बोटं एक. पेन मुठीत. डोळे मिटले की तंबू. एक जखमी, तपकिरी, कपाळ गार. तिने किती दिवस ह्याच्या —

मेजर माझ्या खोलीत आले. रिकामी खोली बघावी तसे बघून गेले. खिडकी लावून घेतली.

तिला एकदा बघायचंय. हॉस्टेलच्या फाटकातून दहा-पंधराजणी निघतील चारला. त्यातली कुठली ते मला कळणार नाही. तिलाही नाही. तरी कोणीतरी एकजण सायकलवर टांग टाकेल आणि —

जाता येईल तिथवर जातो. हे एक सुटं पान बरोबर. बाकीची टेबलावर.

पाय एकमेकांना — खाली काहीतरी सपाट, सैनिकांच्या पायाखाली असतं तसं, जिना उतरताना टेकत नाही —

पोरगा दारापर्यंत आला. त्याला दिसतो मी. आत हो, म्हटलं, बाबा एकटे आहेत.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. आतून मेजरांचा आवाज, हजेरी चाललीय, अकरावी पेटी, डॉक्टर, स्ट्रेचरवाले, जखमी, आणि आता ते माझ्या —